कुष्ठरोगाचे कोडे उलगडणारे डॉ. हॅन्सेन

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

लहानपणी आजीबरोबर देवळात जाताना पायरीवर एक म्हातारा बसलेला दिसे. त्याची बोटे झिजून आखूड झाली होती. आजी दुरूनच त्याच्या वाडग्यात नाणे टाकी आणि मला ओढून पुढे नेई. मागल्या जन्मीचे पाप, असे ती सांगे. मराठी असो वा कन्नड, कुष्ठरोग हा शब्द एकच आणि त्याची भीतीही एकच. हा रोग पापाचा नव्हे, जंतूचा आहे हे ज्यांनी दाखविले, त्या डॉ. गेरहार्ड आर्मावर हॅन्सेन यांची ही जीवनकथा.

हॅन्सेन यांचा जन्म 29 जुलै 1841 रोजी नॉर्वेतील बर्गेन या बंदराच्या गावी झाला. पंधरा भावंडांत ते आठवे. वडील व्यापारी होते, पण व्यापार बुडाला आणि मुलाला स्वतः मिळवून शिकावे लागले. 1866 साली ते डॉक्टर झाले, काही काळ लोफोटेन बेटांवरील कोळ्यांमध्ये राहिले आणि 1868 मध्ये बर्गेनला परतले.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा कुष्ठरोगाने ठाण मांडले होते. सरकारने 1856 साली देशभरच्या रुग्णांची नोंदवही सुरू केली. तिच्यात सुमारे 2800 नावे चढली. बर्गेनचे डॉ. डॅनियलसन हे या रोगाचे मोठे जाणकार. रोग्याच्या गाठीतला अंश त्यांनी स्वतःला टोचून घेतला होता, तरी त्यांना रोग जडला नाही. त्यामुळे हा रोग आनुवंशिक आहे, असे त्यांचे ठाम मत होते.

हॅन्सेन त्यांच्याच हाताखाली काम करू लागले. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी जशी खतावणी ताडून पाहतो, तशा त्यांनी गावोगावच्या नोंदी ताडून पाहिल्या. आनुवंशिकतेचा हिशेब काही जुळेना. मग 28 फेब्रुवारी 1873 रोजी एका रुग्णाच्या गाठीतील अंशात, सूक्ष्मदर्शकाखाली, त्यांना काडीसारखे बारीक जंतू दिसले. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचे लग्न डॅनियलसन यांच्या मुलीशी झाले होते. म्हणजे सासऱ्यांचेच मत त्यांना खोडून काढायचे होते! वर्ष संपण्यापूर्वी पत्नी क्षयाने वारली. दुःख गिळून 1874 मध्ये त्यांनी आपला शोध प्रसिद्ध केला.

पण जग सहज मानेना. 1879 साली नायसर नावाचे तरुण जर्मन डॉक्टर बर्गेनला आले. हॅन्सेन यांनी उदारपणे त्यांना नमुने दिले. नायसर यांनी ते नीट रंगवून जंतू स्पष्ट दाखविले आणि शोधाचे श्रेय स्वतःकडे घेतले. हॅन्सेन यांना आपला हक्क लेखी मांडावा लागला.

पुराव्याच्या याच घाईत त्यांच्या हातून मोठा अपराध घडला. नोव्हेंबर 1879 मध्ये रुग्णालयातील कारी निल्सडाटर या स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, त्यांनी दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील अंश टोचला. त्यातून सिद्ध काहीच झाले नाही. त्या बाईने मात्र तक्रार केली. 1880 मध्ये खटला चालला. संमती घेतली नव्हती हे हॅन्सेन यांनी कबूल केले आणि रुग्णालयातील जागा गमावली. देशाचे कुष्ठरोग अधिकारी हे पद मात्र त्यांच्याकडेच राहिले.

त्यांच्या आग्रहाने 1877 आणि 1885 साली रुग्णांना वेगळे ठेवण्याचे कायदे झाले. रुग्णसंख्या शतकाअखेर काही शेंवर आली, पण घर सुटल्याची किंमत रुग्णांनीच मोजली. 1909 मध्ये बर्गेनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेचे ते अध्यक्ष होते. 12 फेब्रुवारी 1912 रोजी त्यांचे निधन झाले.

मग डॅनियलसन यांना रोग का झाला नाही? त्याचे उत्तर पुढे मिळाले. बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला मुळातच दाद देत नाही. ज्यांची देते, त्यांच्यातही फरक असतो. शक्ती जोरकस असेल तर अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा उठतो. ती दुबळी असेल तर त्वचेत अगणित जंतू माजतात. जंतू एकच, पण शरीराच्या झुंजीप्रमाणे रोगाचे रूप पालटते. बोटेही जंतू खात नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्याने चटके आणि जखमा कळत नाहीत, आणि त्यातून ती झिजतात. 1981 पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो.

तरी आपल्याकडे 1898 चा कुष्ठरोगी कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडले, आणि घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग वगळायला 2019!

हॅन्सेन यांच्या खात्यात जमेच्या बाजूला मोठा शोध आहे, पण नावे बाजूला कारीचा डोळा आहे. दोन्ही नोंदी वाचल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही. देवळाच्या पायरीवरचा तो म्हातारा आता नाही. त्याचे नाव काय, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलेच नाही. ती बाकी आमच्या खात्यावर आहे.