मुलांच्या मागे गेलेली शाळा : ताराबाई मोडक

वर्गात मुलांचे लक्ष लागत नाही, ही तक्रार आपल्या गुरुजनांनी आपल्याबद्दल केली आणि आज आपण आपल्या मुलांबद्दल करतो. या तक्रारीचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडक यांची आठवण या स्मरणिकेत व्हावी असे वाटले.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. मुली क्वचितच कॉलेजात जात त्या काळात, १९१४ मध्ये ताराबाई बी. ए. झाल्या. पुढे त्या राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. ती मानाची जागा सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. छडीच्या धाकाने मूल गप्प बसते, शिकत नाही. हाताला आवडीचे काम मिळाले की ते आपणहून रमते, हा धडा तिथे पक्का झाला. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला.

१९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. माँटेसोरीची महागडी साधने खेड्याला कशी परवडणार? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने यांतून मोजणी आणि रंग शिकवले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ती हीच.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. सोबत अनुताई वाघ होत्या. वारली मुले शाळेत का टिकत नाहीत, याची कारणे ताराबाईंनी मुलांच्या स्वभावात न शोधता त्यांच्या दिवसभराच्या कामात शोधली. मुले गुरे राखत होती, म्हणून गुरे चरत तिथेच कुरणशाळा भरली. मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे असत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचले.

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करते. वापरणारा मध्येच स्क्रीन सोडून गेला, तर चूक आम्ही स्क्रीनमध्ये शोधतो. ताराबाईंनी हीच रीत शाळेला लावली होती, तीही कितीतरी आधी.

मित्रमैत्रिणींनो, मेळाव्यानिमित्त शाळेला काय द्यावे, याचा विचार आपण करतच आहोत. फळा, संगणक जरूर देऊ. पण गळीत हंगामात आपल्या भागातल्या फडांवर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. तिथली थोरली पोर धाकट्याला सांभाळत बसते आणि तिची शाळा बुडते. तिच्यासाठी फडाजवळ एक पाळणाघर आणि दोन तासांचा वर्ग आपण चालवू शकलो, तर तोही शाळेलाच दिलेला अहेर ठरेल. आपले निवृत्त गुरुजन यात वाट दाखवतील, अशी खात्री आहे.