वस्ताद लहुजी साळवे आणि नेमाची विद्या

भोसरीहून पुण्यास जाणारे आमचे कितीतरी ज्ञातिबांधव नाशिक फाटा, दापोडी, खडकी करीत वाकडेवाडीवरून रोज जातात. त्या वाटेवर राघोजी साळवे यांची समाधी आहे. ती त्यांच्या पुत्राने, म्हणजे आमच्या समाजास ललामभूत असलेल्या वस्ताद लहुजींनी उभारली. तलवार घेतलेले त्यांचे चित्र आपल्या घराघरांत आहे. परंतु त्यांच्या हातातील दुसऱ्या विद्येचा, बंदुकीच्या नेमाचा, विचार आपल्याकडे फारसा होत नाही. तो यंदाच्या स्मरणिकेत करावा असे आम्हांस वाटले.

लहुजींचा जन्म 14 नोव्हेंबर 1794 रोजी पुरंदरच्या पायथ्याशी झाला. घराणे लढवय्ये, राऊत म्हणून ओळखले जाणारे. वडील पेशव्यांच्या शिकारखान्यावर होते, आणि शस्त्रांचे पहिले धडे मुलास त्यांच्याचकडून मिळाले. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या माळावर लढाई झाली, तेव्हा लहुजी तेविशीच्या उंबरठ्यावर होते. बापू गोखल्यांचे घोडदळ वेगाने चालून गेले, ते पुढील दलदलीत अडखळले. कंपनीच्या पलटणींनी घोडेस्वार अगदी जवळ येईपर्यंत गोळी राखून ठेवली होती. राघोजी त्या दिवशी पडले. बापाचा देह ज्या रणात पडला, तेथेच पुत्राने इंग्रजी सत्तेविरुद्ध आयुष्य वेचण्याचा निश्चय केला, अशी परंपरा आहे. त्या रणात एक धडाही होताच: गोळी केव्हा सोडावी हे अंतर ठरविते, शौर्य नव्हे.

पुढे पुण्यास गंज पेठेत त्यांनी तालीम काढली. परंपरेने तिचे साल 1822 सांगतात. दांडपट्टा, तलवार, लाठी आणि निशाणबाजी तेथे शिकविली जाई.

ही निशाणबाजी म्हणजे काय, हे आपल्या कारखान्यांत गेज आणि मायक्रोमीटर हाताळणाऱ्या तरुणांस लवकर कळेल. गोळी नळीतून सुटताच खाली पडू लागते. पन्नास वारांवर ही घट डोळ्यांस जाणवत नाही; दीडशे वारांवर तीच गोळी छातीवर धरलेला नेम चुकवून पायाशी जाते. म्हणून अंतर वाढेल तसे नळीचे तोंड उचलावे लागते. किती उचलावे, हीच खरी विद्या. ठासणीच्या वा तोड्याच्या जुन्या बंदुकीवर बहुधा टोकाला एक माशी आणि मागे एक खाच, एवढेच असे; अंतराचे आकडे कोणी कोरून दिलेले नसत. तेव्हा दारूचे माप एकच ठेवावयाचे, निशाण एकदा जवळ, एकदा दूर, एकदा त्याहून दूर रोवावयाचे, गोळी कोठे बसली ते चालत जाऊन पाहावयाचे आणि माशी कितीने वर धरावी हे मनात पक्के करावयाचे, याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. शिवाय एका बंदुकीचा हिशेब दुसरीस लागू पडत नाही. पावसाळ्यातील दमट दारू तर उन्हाळ्याचा हिशेबच खोटा पाडते. अशा बंदुकीवर जो गुरू शिष्य तयार करतो, तो त्यांस प्रत्येक अंतर स्वतः तपासून पाहण्यास शिकवितो.

साहेबाजवळ हा हिशेब पितळ-पोलादावर कोरलेला होता. 1853 च्या एन्फील्ड रायफलीवर मागील पट्टी सरकवून नऊशे वारांपर्यंतचा नेम धरता येई. सत्तावन्नच्या उठावानंतर हिंदी शिपायांसाठी जी बंदूक काढण्यात आली, तिच्या नळीतील आटे घासून नाहीसे केलेले होते आणि अंतराच्या खुणांची ती सरकती पट्टी काढून तेथे एकच पक्की खाच बसविली होती. राज्यकर्त्यांस काय राखून ठेवावयाचे होते हे त्या एका बदलावरून कळते. दूरचा नेम फक्त त्यांचा असावा! 1878 साली हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्यावाचून बंदूक बाळगणेच अवघड होऊन बसले.

लहुजींच्या तालमीत ही विद्या सर्व जातींस मोकळी होती. जोतीराव फुले त्यांच्याजवळ दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. ह्या गोष्टीचे मोल समजण्यासाठी मुक्ता साळवे ह्या, लहुजींच्या नात्यातील समजल्या जाणाऱ्या, मुलीचा 1855 साली ज्ञानोदयात छापलेला निबंध वाचावा. बाजीरावाच्या अमलात मांग किंवा महार तालमीवरून नुसता गेला तरी त्याचे शिर उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जाई, असे तिने त्यात लिहून ठेविले आहे. ज्या राज्यासाठी राघोजी पडले तेच हे राज्य. हे लपविण्यात आम्हांस काही शोभा दिसत नाही. उलट, ज्यांस तालमीपुढून चालण्याची बंदी, त्यांच्यातील एकाने तालीम काढावी आणि ब्राह्मणादी वरिष्ठ जातींच्या मुलांनी त्यास वस्ताद म्हणून नमस्कार करावा, हा पालट लढाई जिंकण्याहून आम्हांस थोर वाटतो. मुक्ता शिकली ती फुल्यांच्या शाळेत. त्या शाळांस मुले मिळावीत म्हणून लहुजींनी वस्तीत फिरून आपल्या लोकांची समजूत घातली.

लष्करी खात्यातील एक कारकून वासुदेव बळवंत फडके हेही ह्याच तालमीचे शिष्य. 1879 च्या आरंभी त्यांनी रामोशी साथीदारांसह बंड पुकारले. त्याच वर्षी जुलैत ते पकडले गेले आणि पुढे एडनच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. म्हाताऱ्या गुरूस शिष्याचे हे बंदिवास पाहणे नशिबी आले.

17 फेब्रुवारी 1881 रोजी, शहाऐंशी वर्षांचे होऊन, लहुजी गेले. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, 17 फेब्रुवारीसच, फडक्यांनी एडन येथे देह ठेविला. लहुजींची समाधी पुण्यास संगमवाडीत आहे. वाकडेवाडीच्या वडिलांच्या समाधीपासून ती फार दूर नाही. मध्ये मुळा-मुठेच्या संगमाचा परिसर आहे. भोसरीहून निघालेल्या माणसास एका सकाळीत दोन्ही ठिकाणी जाऊन येता येते.