माणूस-यंत्र सहजीवनाचा द्रष्टा

एखाद्या मोठ्या इस्पितळाचा आराखडा ठरवायचा असतो, तेव्हा टेबलाभोवती बसणाऱ्या प्रत्येकाची पसंती निराळी असते. शल्यविशारदाला शस्त्रक्रियागृह क्ष-किरण विभागाच्या जवळ हवे असते, परिचारिकेला आपली पायपीट कमी व्हायला हवी असते, प्रशासकाची नजर खर्चावर असते आणि वास्तुविशारदाला या साऱ्या मागण्या एकाच छपराखाली बसवायच्या असतात. यांपैकी कोणाचेच म्हणणे चुकीचे नसते. पण सर्वांचे म्हणणे एकाच वेळी मान्यही करता येत नाही. अशा वेळी निर्णय कोणी आणि कशाच्या आधारावर घ्यायचा, या प्रश्नाला १९६२ साली अमेरिकेत एक अनोखे उत्तर दिले गेले. या मंडळींना संगणकाच्या पडद्यासमोर बसवावे, त्यांनी पडद्यावरच मांडणी बदलून पाहावी, बदलाचा परिणाम यंत्राने लगेच दाखवावा आणि निवड मात्र माणसांनीच करावी, असे ते उत्तर होते. ते मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते जोसेफ कार्ल रॉबनेट लिकलायडर. संगणकाच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. पण पेशाने ते अभियंता नव्हते. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या साऱ्या कार्याचे मर्म या एका गोष्टीत आहे.

लिकलायडर यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी मिसुरी राज्यातील सेंट लुईस येथे झाला. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, आणि जोसेफ त्यांचा एकुलता एक मुलगा. विमानांच्या प्रतिकृती बनवणे हा त्याचा लहानपणीचा छंद. थोडा मोठा झाल्यावर जुनी मोटार खोलून ती पुन्हा जोडण्यात तो रमू लागला. सेंट लुईसच्याच वॉशिंग्टन विद्यापीठात शिकताना एका विषयावर त्याचे मन ठरेना. अखेर १९३७ मध्ये भौतिकशास्त्र, गणित आणि मानसशास्त्र अशा तिन्ही विषयांत त्याने पदवी मिळवली. पुढची वाट मात्र मानसशास्त्राची निवडली. १९४२ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, ती श्रवणाच्या अभ्यासासाठी. कानावर पडलेल्या नादाची मेंदूत नोंद कशी होते, हा तो विषय होता.

तेव्हा दुसरे महायुद्ध भरात होते. हार्वर्ड विद्यापीठातील ध्वनि-मानसशास्त्र प्रयोगशाळेत लिकलायडर दाखल झाले, त्यावेळी तिथे एक अतिशय व्यावहारिक प्रश्न समोर होता. बॉम्बफेकी विमानांच्या इंजिनांचा आवाज इतका प्रचंड असे की, वैमानिकांना एकमेकांचे बोलणेच समजत नसे. लिकलायडर यांनी आवाजाच्या लहरींची मोडतोड करून श्रोत्यांना ऐकवली आणि कोणते शब्द कळतात, कोणते नाही, याची मोजदाद केली. त्यातून एक आश्चर्यकारक गोष्ट निघाली. लहरींची उंच टोके छाटून टाकली तर आवाज कानाला कर्कश लागतो, पण शब्द मात्र समजतात. म्हणजे यंत्राने आवाज जसाच्या तसा पोहोचवण्याचा आग्रह धरण्याऐवजी माणसाच्या कानाला नेमके काय हवे, ते पाहून यंत्र घडवले तर कठीण काम सोपे होते. हा धडा त्यांना आयुष्यभर पुरला.

१९५० मध्ये ते मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत, म्हणजेच एमआयटीत आले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वरांच्या उंच-नीचतेच्या आकलनाविषयी मांडलेला सिद्धान्त श्रवणविज्ञानात आजही अभ्यासला जातो. याच काळात अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी सेज ही अवाढव्य संगणकप्रणाली उभारली जात होती. रडारवरून येणारी माहिती पडद्यावर उमटे आणि समोर बसलेला सैनिक हातातल्या प्रकाशसंवेदी साधनाने पडद्यावरच्या ठिपक्याकडे निर्देश करून यंत्राला प्रश्न विचारू शके. या प्रकल्पाच्या मानवी बाजूवर लिकलायडर यांनी काम केले. इतर संगणकांची रीत त्या काळी अगदी वेगळी होती. भोके पाडलेल्या पत्रांचा गठ्ठा खिडकीतून कर्मचाऱ्याच्या हाती द्यायचा आणि कित्येक तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायला यायचे. एक खूण चुकली तर पुन्हा पहिल्यापासून सारे करायचे. असा व्यवहार होऊ शके, संवाद नव्हे. पुढे लिंकन प्रयोगशाळेत वेस्ली क्लार्क यांनी त्यांना टीएक्स-२ हा पडदा असलेला संगणक दाखवला. तासन् तास त्या यंत्रापुढे बसल्यावर लिकलायडर यांचे मन श्रवणशास्त्राकडून हळूहळू संगणकाकडे वळले.

१९५७ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात त्यांनी एक साधा प्रयोग केला. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही की यंत्र लागले नाही. विचार करण्याचे काम म्हणून आपण जे करतो त्यात वेळ नेमका कुठे जातो, याची त्यांनी स्वतःपुरती नोंद ठेवली. निष्कर्ष मनाला बोचणारा होता. सुमारे ८५ टक्के वेळ विचार करण्यात नव्हे, तर विचाराची तयारी करण्यात जात होता. माहिती शोधणे, आकडेमोड करणे, आलेख काढणे आणि ते परस्परांशी ताडून पाहता येतील अशा मापात आणणे, यातच तासांमागून तास सरत. आलेख एकदा समोर आले की त्यांतील संबंध काही क्षणांत उमगे. याहूनही गंभीर बाब निराळीच होती. कोणता प्रश्न हाती घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे बुद्धीच्या कुवतीवर नव्हे, तर कारकुनी कष्ट किती पडतील यावर ठरत होते. विद्वानाची निवडदेखील स्वतंत्र नव्हती. ती हमालीच्या ओझ्याखाली दबलेली होती.

त्याच वर्षी एमआयटीतील प्राध्यापकी सोडून ते केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या ध्वनिशास्त्राच्या सल्लागार कंपनीत गेले. ध्वनिशास्त्राच्या कंपनीने संगणक विकत घ्यावा, हा त्यांचा हट्ट अनेकांना विचित्र वाटला. पण कंपनीचे प्रमुख लिओ बेरानेक यांनी त्यांच्यावर भरवसा टाकला. आधी एक लहान यंत्र आले आणि पाठोपाठ डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या नव्या पीडीपी-१ संगणकाची पहिली प्रत. त्याची किंमत लाख डॉलरच्या पुढे होती. पण त्याला पडदा होता, आणि त्याच्यासमोर बसून एकटा माणूस त्याच्याशी थेट व्यवहार करू शकत होता.

मार्च १९६० मध्ये लिकलायडर यांचा मानव-संगणक सहजीवनावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभ संगणकाने नव्हे, तर अंजिराच्या झाडाने होतो. अंजिराचे परागीभवन एका इवल्याशा कीटकाविना होत नाही आणि त्या कीटकाची पैदास अंजिराविना होत नाही. उंबराचे फळ फोडून पाहिलेल्या मराठी वाचकाला हे नाते सांगण्याची गरज नाही, कारण उंबरही त्याच कुळातला. माणूस आणि संगणक यांचे नाते असेच व्हावे, अशी लिकलायडर यांची कल्पना होती. उद्दिष्टे माणसाने ठरवावीत, प्रश्न माणसाने विचारावेत, बऱ्या-वाइटाचा निवाडा माणसाने करावा. आणि त्या निवाड्यासाठी लागणारी सारी खर्डेघाशी यंत्राने उचलावी. यंत्रे एक दिवस माणसाच्या बुद्धीला मागे टाकतील, ही शक्यता त्यांनी नाकारली नाही. तोवरचा काळ दहा वर्षांचा असेल किंवा पाचशे वर्षांचा. पण दोघांच्या सहवासाचा तो काळ बौद्धिकदृष्ट्या सर्वांत फलदायी ठरेल, असा त्यांचा विश्वास होता.

हे सहजीवन प्रत्यक्षात कसे दिसेल, याचा एक नमुना म्हणजे इस्पितळाच्या नियोजनाचा तो प्रयोग. वेल्डन क्लार्क यांच्यासह लिकलायडर यांनी १९६२ मध्ये तो संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत मांडला. कोप्लॅनर असे त्या प्रणालीचे नाव होते आणि ती पीडीपी-१ वर चालत असे. इस्पितळाच्या कोणत्या विभागातून कोणत्या विभागात माणसांची व सामानाची किती ये-जा होते, ही माहिती यंत्राला पुरवलेली असे. नियोजनकाराने लाइट पेनने पडद्यावर मजल्याचा नकाशा मांडायचा. त्या मांडणीत ही ये-जा किती महाग पडेल, ते यंत्र आकृतीच्या रूपाने दाखवी. विभागाची जागा बदलली की हिशेबही बदले. कोणता आराखडा सर्वोत्तम, हे यंत्र सांगत नसे. किंबहुना त्याने ते सांगावे अशी अपेक्षाच नव्हती. परिचारिकेच्या पायपिटीचे मोल अधिक की शल्यविशारदाच्या सोयीचे, हा गणिताचा प्रश्न नव्हे, हे लिकलायडर ओळखून होते. पण एकाची पसंती दुसऱ्याला नेमकी कितीला पडते, हे सर्वांना एकाच पडद्यावर दिसले तर वाद कमी होईल आणि विचार अधिक होईल, ही त्यामागची धारणा होती. पुढे याच कामातून इस्पितळ नियोजनावरचे एक पुस्तक १९६४ मध्ये निघाले. त्याच्या लेखकांत क्लार्क यांचा समावेश होता. लाख डॉलरचे यंत्र मात्र सामान्य वास्तुविशारदाच्या आवाक्याबाहेर होते. विचार काळाच्या पुढे होता.

ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संशोधन संस्थेने त्यांना संगणकविषयक विभागाचे प्रमुखपद दिले. पैसा लष्कराचा होता. पण लिकलायडर यांनी तो विद्यापीठांतील संशोधकांकडे मोकळ्या हाताने वळवला. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायची पद्धत रुजवण्यासाठी एमआयटीत १९६३ मध्ये सुमारे २० लाख डॉलरच्या अनुदानाने प्रोजेक्ट मॅक सुरू झाला. पश्चिम किनाऱ्यावर फारसे कोणी ज्यांना गांभीर्याने घेत नव्हते, त्या डग्लस एंगलबार्ट यांना पाठबळ मिळाले. संगणकाचा माऊस त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मला. एप्रिल १९६३ मध्ये आपल्या अनुदानावर काम करणाऱ्या संशोधकांना लिकलायडर यांनी एक टिपण पाठवले. विनोदाने त्यांनी या मंडळींना आंतरतारकीय संगणकजालाचे सदस्य म्हटले होते. पण निरनिराळ्या ठिकाणचे संगणक परस्परांशी कसे बोलतील, हा त्यातील प्रश्न विनोदाचा नव्हता. १९६४ मध्ये पद सोडताना त्यांनी आपला वारस म्हणून २६ वर्षांच्या आयव्हन सदरलँड यांचे नाव सुचवले. पडद्यावर थेट रेखाचित्र काढण्याची स्केचपॅड ही प्रणाली सदरलँड यांनी नुकतीच सिद्ध केली होती.

त्यानंतरचा प्रवास तितकासा सरळ नव्हता. आयबीएममध्ये ते गेले खरे. पण त्या कंपनीच्या कामाच्या रीतीत त्यांच्या कल्पना रुजल्या नाहीत. एमआयटीत परतल्यावर १९६८ ते १९७० या काळात त्यांनी प्रोजेक्ट मॅकची धुरा वाहिली. मात्र स्वप्न दाखवणे आणि कारभार हाकणे ही दोन वेगळी कामे आहेत, याचा प्रत्यय तिथे आला. १९७४ मध्ये ते पुन्हा आर्पात गेले, तेव्हा वारे बदलले होते. प्रत्येक संशोधनाचा संरक्षणाशी थेट संबंध दाखवण्याचा आग्रह धरला जात होता. ज्या मोकळिकीने त्यांनी दशकभरापूर्वी पैसा वाटला होता, ती उरली नव्हती. १९७५ मध्ये ते तिथून बाहेर पडले.

दरम्यान रॉबर्ट टेलर यांनी आर्पात संगणकजालाचे काम हाती घेतले होते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी आर्पानेटवरून पहिला संदेश गेला आणि त्यातूनच पुढे इंटरनेट उभे राहिले. टेलर यांच्यासह लिकलायडर यांनी १९६८ मध्ये लिहिलेल्या लेखात एक इशारा आहे. जालाशी जोडले जाणे हा मूठभरांचा विशेषाधिकार राहिला, तर समाजातील बौद्धिक दरी आणखी रुंदावेल; तो सर्वांचा हक्क ठरला, तरच त्याचे कल्याण होईल. संगणकाला माणसाचा सहकारी मानणाऱ्याने कोणत्या माणसाचा, हाही प्रश्न त्याच दमात विचारला होता.

सहकाऱ्यांत ते केवळ लिक या नावाने ओळखले जात. पदवीचा दरारा त्यांनी कधी बाळगला नाही आणि श्रेयासाठी भांडणही केले नाही. १९८५ मध्ये ते एमआयटीतून निवृत्त झाले. २६ जून १९९० रोजी मॅसॅच्युसेट्समधील आर्लिंग्टन येथे दम्याच्या विकारातून उद्भवलेल्या गुंतागुंतीने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वर्ल्ड वाइड वेबचे पहिले पान चालू झाले. ते पाहायला लिकलायडर नव्हते.

आज घराच्या अंतर्रचनेपासून अक्षरांच्या वळणापर्यंत अनेक कामांत संगणक आपल्यापुढे चार नमुने ठेवतो, आपण एक निवडतो आणि त्या निवडीवरून तो पुढचे चार काढतो. आपला कल ओळखत ओळखत तो नमुने सुधारत नेतो. हे पाहून लिकलायडर यांना आनंदच झाला असता. पण समोर ठेवलेल्या चार नमुन्यांतून निवडणे आणि काय हवे ते स्वतः ठरवणे यांत अंतर आहे. इस्पितळाच्या त्या पडद्यावर यंत्र परिणाम दाखवीत होते. काय मांडायचे हे माणूस ठरवत होता. हमालीचे ओझे यंत्राने उचलले ते निवाडा मोकळा व्हावा म्हणून, निवाड्याचीच सवय सुटावी म्हणून नव्हे. कान तपासण्यापासून सुरुवात केलेल्या या मानसशास्त्रज्ञाने आखून दिलेली ही सीमारेषा यंत्रे अधिक हुशार होत असताना पुसट होणार नाही, याची काळजी आता माणसांनीच घ्यायची आहे.