अमळनेरचे साने सर

वाचनाच्या तासाला शेवटच्या बाकावर झोपा काढणाऱ्या आपल्या मित्रांनाही विचारून पाहा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले पहिले पुस्तक कोणते. बरेच जण ‘श्यामची आई’ म्हणतील. ती कादंबरी म्हणायची की आठवणी, हा वाद जाणकारांनी घालावा. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांनी ती कादंबरीसारखीच वाचली, आणि अजून वाचतात. लेखकाबद्दल मात्र आपल्याला माहीत असते ते धड्याच्या वरच्या चौकटीत छापलेले तेवढेच. त्या चौकटीत ‘काही काळ शिक्षक होते’ एवढे एक वाक्य असते. ही स्मरणिका शाळेची आहे, म्हणून मी त्या वाक्यापासूनच सुरुवात करते.

जून १९२४ मध्ये पांडुरंग सदाशिव साने हे चोवीस वर्षांचे गृहस्थ अमळनेरच्या शाळेत रुजू झाले. हीच आजची प्रताप हायस्कूल. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे आईवडील जळगाव-धुळ्याकडून कंपनीतल्या नोकरीसाठी काळेवाडीत आले, त्यांना अमळनेर सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: खानदेशातले, गिरणी असलेले, बाजारपेठेचे गाव. (आमच्या आयटीवाल्यांसाठी आणखी एक ओळख: विप्रोचा जन्म १९४५ साली याच गावात झाला, आणि तेव्हा ती वनस्पती तूप बनवायची.) साने तिथे मुळात शिक्षक व्हायला आलेच नव्हते. गावात तत्त्वज्ञान मंदिर नावाची संस्था होती, तिथे ते तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी आले. तिथे मन रमले नाही आणि शेजारच्या शाळेत रमले.

मराठी आणि संस्कृत हे त्यांचे विषय. पण त्यांचे नाव झाले ते वसतिगृहामुळे. तिथली जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी ओरडून शिस्त लावण्याऐवजी वेगळाच मार्ग धरला. मुलाची खोली अस्ताव्यस्त दिसली की ती स्वतः झाडायची, अंथरूण स्वतः घडी करून ठेवायचे, कपडे पडलेले असले तर धुऊन टाकायचे. दोन-चार दिवस मुले मजा बघत, मग लाजत, मग कामाला लागत. आपल्या सरांनी असे केले असते तर आपण लाजलो असतो की अजून चार कपडे टाकले असते, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे! शिवाय मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढत. रोज. शाळेचे तास, वसतिगृह, आजारी मुलांची शुश्रूषा आणि वर रोजचा अंक. पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ नावाचे छापील मासिक सुरू केले. त्यांच्या लिहिण्याच्या प्रचंड वेगाचे सगळ्यांना आश्चर्य वाटते. मला वाटते, तो वेग या रोजच्या अंकाने आणला. ज्यांच्यासाठी लिहायचे ती मुले समोर बसलेली होती, कंटाळली तर लगेच कळत असणार.

ही माया कुठून आली ते कळायला पालगडला जावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात २४ डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरत चाललेले. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. कर्ज वाढत गेले, सावकाराचा तगादा आला, जप्ती आली. आपण पुस्तकात हे सगळे वाचले आहे. दापोलीच्या मिशन शाळेत शिकताना पुढे पैसा पुरेना, तेव्हा गरीब मुलांच्या शिक्षणाची सोय होते असे कळल्यावर ते औंधला गेले. औंध म्हणजे आपले नदीपलीकडचे, सांगवीशेजारचे नव्हे, साताऱ्याकडचे संस्थान. (शाळेत असताना मी बरीच वर्षे श्यामला सांगवीच्या पुलावरून चालवत होते.) तिथे प्लेग आला, ते सुटले आणि पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात दाखल झाले. ते पुण्यात शिकत असतानाच, १९१७ च्या नोव्हेंबरात, आई गेली. शेवटची भेट झाली नाही.

पुढे १९१८ मध्ये मॅट्रिक, न्यू पूना कॉलेजातून म्हणजे आजच्या एस. पी. मधून बी. ए., मग एम. ए. शिकून आईला सुखात ठेवायचे हा गरीब घरातल्या मुलाचा साधा हिशेब असतो. आपल्यापैकी अनेकांचा होता, आणि आपल्यातल्या बहुतेकांना तो पुरा करता आला. पहिल्या पगारात आईला साडी, मग फ्लॅट, मग तिच्या गुडघ्यांचे ऑपरेशन. सान्यांच्या हातात पदवी आली तेव्हा जिच्यासाठी ती मिळवायची ती उरलेली नव्हती. ती सगळी माया त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांवर खर्च केली, असे मला त्यांचे वसतिगृहातले दिवस वाचताना सतत वाटत राहते.

सहा वर्षांत ही नोकरी संपली. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्यांनी शाळेचा राजीनामा दिला. मुलांना देशाबद्दल शिकवून आपण मस्टरवर सही करत राहायचे, हे त्यांना जमेना. त्यानंतरचे आयुष्य तुरुंगात जात-येत गेले.

तुरुंग म्हणजे वाया गेलेली वर्षे, असा आपला समज असतो. सान्यांच्या बाबतीत तो उलटा आहे. धुळ्याहून त्यांना त्रिचनापल्लीला हलवले, तिथे दक्षिणेतले कैदी सोबतीला होते, तर हे तमिळ शिकले आणि तिरुक्कुरळचे मराठी भाषांतर करून आले. भारतातल्या माणसांना एकमेकांच्या भाषा येत नाहीत ही खंत तिथेच मनात बसली. पुढे त्यांनी मांडलेल्या ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे मूळ ते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. समोर बसून ते बोलणे साने उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हातात आहे ते त्या वह्यांमुळे.

आणि मग नाशिकचा तुरुंग, फेब्रुवारी १९३३. दिवसा तुरुंगातले काम, ते संपले की रात्री लिहिणे. असे करत चार-पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला, थोड्या गोष्टी सुटकेनंतर लिहिल्या. आम्ही पंधरा दिवसांच्या स्प्रिंटमध्ये एक स्क्रीन बदलतो आणि दमलो म्हणतो! अर्थात हे पाच दिवस फसवे आहेत. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती आणि त्या गोष्टी वसतिगृहातल्या मुलांना सांगून सांगून घासल्या गेल्या असणार. नाशिकला झाले ते उतरवण्याचे काम.

पुस्तक दोनेक वर्षांनी छापून निघाले, पुढे पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाकडे गेले आणि घरोघर पोचले. माझ्या मते त्याचे यश रडण्यात नाही. ‘रडवणारे पुस्तक’ हा त्याच्यावर बसलेला शिक्का आहे आणि तो थोडा अन्यायाचा आहे. त्यातली आई मारते, रागावते, पोहायला भिणाऱ्या मुलाला फोक घेऊन विहिरीकडे हाकलते. शिवाशिवीच्या काळात डोक्यावरची मोळी पडलेल्या दलित म्हातारीला हात द्यायला मुलाला पाठवते. मुलगा घाबरतो, खोटे बोलतो, पैसे चोरतो. म्हणून तेरा वर्षांच्या वाचकाला तो आपल्यातला वाटतो. त्याच सुमारास त्यांनी ‘धडपडणारी मुले’ लिहिली. तीत स्वामी नावाचा शिक्षक आहे आणि वसतिगृहातली मुले आहेत; अमळनेर ओळखायला वेळ लागत नाही. मला ती कादंबरी फार लांबलेली वाटते. भाषणे खूप आहेत. पण शाळा सोडून कोणत्या कामात आयुष्य घालायचे या प्रश्नाने अस्वस्थ झालेली मुले मराठीत अशी आधी फारशी दिसत नाहीत. ‘श्याम’, ‘क्रांती’, ‘आस्तिक’, ‘गोड गोष्टी’ असे लेखन चालूच होते. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ मराठी मुलांसाठी ‘दुःखी’ नावाने त्यांनीच आणली. ‘पत्री’ हा कवितासंग्रह सरकारने जप्त केला. आईवर हळवे लिहिणाऱ्या माणसाची इंग्रज सरकारला भीती वाटत होती, हे विसरू नये.

कारण बाहेर हा माणूस हळवा असला तरी मवाळ नव्हता. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी खेडोपाडी फिरला, अमळनेरच्या गिरणी कामगारांच्या बाजूने उभा राहिला, बेचाळीसमध्ये भूमिगत झाला. आणि सर्वांत मोठे काम पंढरपूरचे. विठ्ठलाच्या देवळात दलितांना प्रवेश नव्हता. वारकरी म्हणून चालत यायचे आणि दर्शन बाहेरूनच घ्यायचे. १९४६ च्या कार्तिकीला सान्यांनी उपोषण आरंभले. सेनापती बापटांनी गळ घातली की आधी महाराष्ट्राला समजावून पाहू, सहा महिने द्या. मग ते महिने त्यांनी महाराष्ट्रभर फिरून काढले, सोबत राष्ट्र सेवा दलाची तरुण मुले. गावोगावी सभा झाल्या, अनेक गावांत देवळे आणि पाणवठे खुले झाले. पंढरपूरचे दार मात्र बंदच. १ मे १९४७ ला त्यांनी पुन्हा उपोषण सुरू केले. काळे झेंडे आले, शिव्या आल्या. उपोषण सोडावे म्हणून खुद्द गांधीजींची तार आली, कारण त्यांच्यापर्यंत चुकीची माहिती गेली होती. ज्यांच्या शब्दावर नोकरी सोडली त्यांचेही या वेळी ऐकले नाही. १० मे ला दार उघडण्याचे मान्य झाले. आपल्या भागातून देहू-आळंदीच्या पालख्या जातात, दरवर्षी आपण रस्त्याकडेला उभे राहून पाणी वाटतो. त्यांतल्या सगळ्यांना आज विठ्ठलाच्या पायांपर्यंत जाता येते, त्याला हे दहा दिवस कारण आहेत.

पुढचे वर्ष फार वाईट गेले. गांधीजींचा खून झाला आणि करणारा मराठी माणूस निघाला, हे त्यांना सोसले नाही. त्यांनी एकवीस दिवस उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुतणी सुधा हिला पत्रे लिहिली, ती ‘साधना’त छापली जात, फुले, पाखरे, पाऊस, जगातल्या गोष्टी, सगळे त्यात आहे. त्यांच्या सगळ्या लेखनात मला आज सर्वांत ताजी वाटतात ती ही ‘सुंदर पत्रे’. ज्यांच्या घरी शाळेतली मुले आहेत त्यांनी ती आणावीत.

११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःहून आयुष्य संपवले. वय पन्नास. पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत हे नसते आणि आपल्याला शाळेत कोणी सांगितले नाही. लहान मुलांना काय सांगायचे हा शिक्षकांपुढचा पेच मला आता समजतो. एकच कारण शोधणारे लोक तेव्हाही होते, आताही आहेत. मी तसे शोधणार नाही. इतकेच दिसते की दुसऱ्यांच्या मुलांची अंथरुणे घडी करणाऱ्या, रात्री जागून त्यांचा ताप उतरायची वाट बघणाऱ्या माणसाचा स्वतःचा ताप कोणाच्या हाताला लागला नाही. भोवती माणसे होती, प्रेम करणारी होती, तरीही.

‘साधना’ त्यांच्या मागे आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन यांनी सांभाळली, मग यदुनाथ थत्ते यांनी. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला, वनमाला आई आणि माधव वझे श्याम. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक पहिल्यांदा दिले गेले, ते त्याला. ‘साधना’ पुण्यातून अजून दर आठवड्याला निघते.