महर्षी कर्वे : काम सोपवून विश्वास ठेवणारे अण्णा

आंजर्ले (ता. दापोली) : जोग नदीची खाडी ओलांडली की हर्णै आणि त्याच्या पुढे मुरूड. महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, याच मुरूडचे. जन्म १८५८ चा. त्यांनी एवढ्या संस्था उभ्या केल्या त्या एकट्याच्या बळावर नाही. माणूस हेरायचा, घडवायचा आणि काम त्याच्या हाती द्यायचं, ही त्यांची रीत.

आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचा रघुनाथ परांजपे हा त्यांच्या नात्यातला. अण्णांनी त्याला शिकायला आपल्याकडे नेलं. हाच मुलगा १८९९ साली केंब्रिजला गणितात पहिला आला आणि १९०२ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य झाला. अण्णा तिथेच गणित शिकवत होते. आपण वाढवलेल्या मुलाच्या हाताखाली ते १९१४ पर्यंत काम करत राहिले.

१८९३ मध्ये अण्णांनी विधवेशी, गोदूबाईंशी, लग्न केलं. मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. तरी ते थांबले नाहीत. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९०० मध्ये तो पुण्याजवळ हिंगण्याला नेला. तिथली जबाबदारी मेहुणी पार्वतीबाई आठवले यांच्यावर आली. त्या स्वतः विधवा, शिकल्या त्या मोठेपणी. संस्थेसाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी जमवली. १९१८ मध्ये तर त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर अमेरिकेला गेल्या, तिथे घरकाम करून राहिल्या आणि संस्थेसाठी पैसे आणले.

कार्यकर्ते टिकावेत म्हणून अण्णांनी १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ काढला. संस्थेला वाहून घेणारे लोक त्यातून मिळाले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा प्रमुखपद त्यांनी डॉ. रा. गो. भांडारकरांकडे दिलं. पुढे सत्तरी उलटल्यावर, १९३६ मध्ये, खेड्यांतल्या शाळांसाठी मंडळ काढून ते पुन्हा वर्गणीला बाहेर पडले.

१९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, १९६२ मध्ये १०४ व्या वर्षी ते गेले. संस्था आजही चालू आहेत.

आपल्याकडे ग्रामस्थ मंडळ असो की बचत गट, बरेचदा सगळा भार एकाच माणसावर असतो. तो थकला की काम बंद. पावतीपुस्तक, हिशोब, किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायला मन मोठं लागतं. शेजारच्या मुरूडच्या अण्णांकडे ते होतं.