रक्तवाढीच्या गोळीमागच्या डॉ. लुसी विल्स

वडूज परिसरातील गरोदर महिलेला आज आरोग्य केंद्रातून लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी मिळते. त्यातील फॉलिक ॲसिडचा माग ज्या संशोधनातून लागला, त्याची सुरुवात मुंबईत झाली. ते काम करणाऱ्या डॉक्टर होत्या लुसी विल्स.

विल्स यांचा जन्म १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १९२० मध्ये लंडनमधून डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये डॉ. मार्गारेट बालफोर यांच्या निमंत्रणावरून त्या मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत मातामृत्यूंच्या कारणांचा शोध चालू होता.

ती गिरण्यांची मुंबई होती. सातारा जिल्ह्यातूनही अनेक कुटुंबे पोटासाठी तिथे गेली होती. गिरणीत राबणाऱ्या गरीब स्त्रिया बाळंतपणाच्या सुमारास पांढऱ्याफटक पडत, त्यांना धाप लागे आणि त्यातल्या कित्येक दगावत. विल्स यांनी त्यांचे रक्त तपासले. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान होतात. येथे मात्र त्या नेहमीपेक्षा मोठ्या दिसल्या. दुखण्याचे रूप तेच, पण कारण वेगळे होते.

जंतुसंसर्गाचा पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी या स्त्रियांच्या ताटाकडे पाहिले. ज्यांचा आहार सर्वांत निकस, त्यांना हा आजार जास्त होता. तसाच आहार उंदरांना आणि माकडांना देऊन त्यांनी प्रयोग केले. अखेर यीस्टपासून बनणारा मार्माइट हा स्वस्त अर्क उपयोगी ठरला. रुग्ण स्त्रियांना तो दिल्यावर काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी वाढू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातील तो अज्ञात घटक पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळे काढण्यात आले. १९४५ च्या सुमारास डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकेतील गटाने ते प्रयोगशाळेत तयार केले. विल्स यांचे निधन १९६४ मध्ये झाले. त्या अविवाहित होत्या.

रक्त कमी झाले की कारण शोधायचे, हा त्यांच्या कामाचा धडा आजही लागू आहे. सतत थकवा, जिना चढताना धाप, चक्कर, छातीत धडधड, पापणीची आतली बाजू, जीभ आणि नखे फिकट दिसणे ही ॲनिमियाची लक्षणे आहेत. माती किंवा खडू खावासा वाटणे हेही लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा आणि इतर स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो ॲनिमिया समजतात.

कारणे अनेक असतात. पाळीत जास्त रक्तस्राव, पोटातील जंत, मूळव्याध, लागोपाठची बाळंतपणे, मलेरिया, सिकलसेल, तसेच लोह, फॉलिक ॲसिड किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून दुकानातून परस्पर ‘रक्ताचे औषध’ आणण्याआधी तपासणी करावी.

मेथी, पालक, मटकी, हरभरा, शेंगदाणे यांतून फॉलिक ॲसिड मिळते. भाजी फार वेळ उकळू नये आणि तिचे पाणी फेकू नये. जेवणात लिंबू पिळावे, चहा जेवणाबरोबर टाळावा. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस गोळी रोज घ्यावी. तिने शौच काळी होते, त्याला घाबरून ती बंद करू नये.