राजाराम कॉलेजचा पॉकेट डायनॅमो
मी आजऱ्याचा. आमच्याकडं कुस्ती म्हटलं की कोल्हापूर, आणि मला आठवतात ते राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव. जन्म १९२६, कराडजवळचं गोळेश्वर. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, मॅटची फारशी सवय नसतानाही, ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! दुसरं यायला १९९६ उजाडलं. १९८४ मध्ये खाशाबा अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पण त्यांचं कॉलेज वेळेवर पाठीशी उभं राहिलं होतं. आपल्या जिमखान्याचं बजेट ठरवताना एवढं ध्यानात ठेवूया.